पिवळ्या कागदावरचे कोडे

शब्दकोडी रचणाऱ्या माणसाच्या घरात शब्दांना काय तोटा, असे कुणालाही वाटेल. पण त्या आठवड्यात कोडेकारांच्या घरात दिवसभरात मोजून पन्नास वाक्ये बोलली जात होती, आणि ती पन्नासही ते एकटेच बोलत होते. त्यांच्या पत्नीच्या गळ्यात दोरीने अडकवलेली एक छोटी पाटी होती. 'मीठ कमी', 'दार लावा', 'दूधवाला आला' एवढे ती पाटी बोलायची. खडूचा कर्र आवाज आला की कोडेकार हातातले काम टाकून वळायचे. एरवी सव्वीस वर्षांत चार हाका मारल्याशिवाय ते वळल्याचे कुणी पाहिले नव्हते.

मावशींच्या स्वरतंतूवर गाठ आली होती. मावशी म्हणजे कोडेकारांच्या पत्नीच; पण त्या पाळणाघर चालवायच्या, आणि तिथली पोरे त्यांना गाणीमावशी म्हणायची. त्यामुळे गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडीही मावशीच बसले होते. गेल्या सोमवारी ऑपरेशन झाले. गाठ साधीच निघाली, त्या बाबतीत देवाने पहिल्याच हाकेला ओ दिली. पण घशाच्या डॉक्टरीणबाईंनी जाताना बोट उगारून सांगितले होते, "नऊ दिवस तोंडातून अक्षर नाही. कुजबुज तर मुळीच नाही, ती बोलण्यापेक्षा वाईट. खोकला आला तर पाणी प्या. हसू आलं तर दुसरीकडे बघा. पुढच्या बुधवारी मी आत बघेन. बोलता तर येईल, त्याची काळजी नको. गाता येईल का, ते बुधवारी सांगेन."

आता दुसरी कुणी बाई असती तर म्हणाली असती, बोलता येतंय ना, झालं तर मग. पण मावशींचे सगळे जगणेच गाण्यावर उभे होते. दुपारी जेवणे झाली की पाळणाघरात चौदा पोरे रांगेत आडवी व्हायची आणि मावशी गायला बसायच्या. बारा मिनिटांत चौदाच्या चौदा गार. सध्या त्यांची धाकटी बहीण पाळणाघर सांभाळत होती. तिचा अहवाल रोज संध्याकाळी यायचा : "ताई, माझं गाणं ऐकून झोपलेलं पोरसुद्धा उठून बसतं गं."

कोडेकारांचे रविवारच्या पुरवणीतले कोडे सव्वीस वर्षे चालू होते. ते कसे तयार व्हायचे, ते नीट सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

आधी चौकटीच्या वहीवर जाळी. काळे चौकोन स्केचपेनने. मग शब्द बसवायचे, मग पांढऱ्या कागदावर शोधसूत्रे लिहायची : आडवी एका बाजूला, उभी दुसऱ्या. हा पांढरा कागद वाचकांसाठी. पण लग्नानंतर पहिल्याच महिन्यात नव्या नवरीने पांढरा कागद वाचून म्हटले होते, "अहो, हे कोडं आहे की शाळेची परीक्षा?" तेव्हापासून कोडेकार त्याच जाळीची, त्याच उत्तरांची आणखी एक सूत्रमाला लिहू लागले, पिवळ्या कागदावर, फक्त तिच्यासाठी. पांढऱ्यावर 'कपडे वाळत घालण्याची जागा' असेल, तर पिवळ्यावर 'जिथून तुझी साडी उडून डॉक्टरांच्या गाडीवर पडली' असे असायचे. पांढरा कागद मावशी तपासणीसाठी सोडवायच्या. जाळी जुळली की वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'पास' लिहायच्या. तो 'पास' पाहिल्याशिवाय पुरवणीचे पान लावणारी मुलगी कोड्याला हात लावत नसे. पिवळा कागद मावशी रात्रीच्या भांड्यांनंतर पाय पसरून सोडवायच्या आणि गादीखाली ठेवून द्यायच्या. गादीखाली आता एक जादा गादी होईल एवढा गठ्ठा झाला होता.

ऑपरेशननंतरच्या बुधवारी कोडेकारांनी मनाशी ठरवून कोडे रचले. विषय एकच : कुणासाठी तरी गाणे. तिला धीर यावा, गाणे कुठे जात नाही हे तिला दिसावे, म्हणून. पांढऱ्यावर सरळ सरळ होते : 'बाळाला झोपवताना म्हणतात ती', तीन अक्षरे. 'गाऊन केलेली विनवणी', चार. 'पहाटे देवाला जागे करणारे गीत', तीन.

आणि पिवळ्यावर?

'तुझी ऐकून चौदा पोरं झोपतात, पंधरावा मी.' अंगाई.

'सोमवारी ऑपरेशनच्या दाराबाहेर बाकावर बसून मी केली ती, तीही चाल सोडून.' आळवणी.

'देवासाठी म्हणून गातेस. देव आधीच उठलेला असतो, उठतो मी.' भूपाळी.

'नळाला पाणी येईपर्यंत तू गातेस, तेव्हा बादली पालथी घालून मी देतो ती.' साथ.

'भांडी घासताना तुझी चालू असते, आणि तुला वाटतं मला ऐकू जात नाही.' गुणगुण.

आणि सात उभा : 'लग्नाआधी तुझ्या खिडकीखाली उभा राहून गायलो तेव्हा मी कसा होतो? तुझ्या वडिलांनी खिडकी लावून घेतली.' बेसूर.

गुरुवारी सकाळी मावशींनी आधी पिवळाच ओढला. गप्प बसलेल्या माणसाला गंमत हवी असते, तपासणी नको असते. सोडवता सोडवता दोनदा डोळ्याला पदर लावला, एकदा पेन्सिल दाताखाली धरली. जाळी तर तीच, शब्द तर तेच, सगळे जुळले. मग सव्वीस वर्षांच्या सवयीने हात वरच्या कोपऱ्यात गेला आणि त्यांनी 'पास' लिहिले. पांढऱ्या कागदाचा कोपरा तसाच कोरा राहिला. कोडेकारांचे त्या दिवशी लक्ष होते तिच्या औषधाच्या वेळेकडे. त्यांनी टेबलावरचे कागद गोळा केले, पाकिटात कोंबले, कचेरीत खिडकीवर दिले आणि धावतपळत घरी आले.

*

रविवारी सकाळी कोडेकार चहा घेऊन बसले आणि नेहमीप्रमाणे छापील कोड्यात काना-मात्रा तपासायला पुरवणी उघडली.

एक आडवा : तुझी ऐकून चौदा पोरं झोपतात, पंधरावा मी.

चहा बशीत, बशीतून लुंगीवर. पुढचे वाचवेना आणि न वाचता राहवेना. सगळे होते. बादली होती, बाक होता, खिडकीही होती. आणि खाली, सव्वीस वर्षे जिथे असायचे तिथे, ठळक अक्षरांत त्यांचे नाव होते.

"मेलो!" कोडेकार म्हणाले.

मावशी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. त्यांनी पुरवणी घेतली, वाचली. कोडेकारांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले होते. बोटांच्या फटीतून फक्त एक डोळा बाहेर होता. खडू कर्र वाजला.

'माझी चूक. पिवळ्यावर पास मी लिहिलं.'

"तुझी कसली चूक? पाकीट मी भरलं. डोळे काय गहाण ठेवले होते मी? अगं, सगळं शहर वाचतंय. तो केशकर्तनालयवाला वाचतो. बँकेतला तो जाडा वाचतो. तुझे वडील असते तर…" ते थांबले. "बरं झालं ते नाहीत वाचायला. देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो. मी त्यांना खिडकी लावणारा म्हणून छापून टाकलं."

मावशींनी पाटी पुसली. मग लिहिले :

'खिडकी बाबांनी नाही लावली. मी लावली.'

कोडेकारांनी तोंडावरचे हात काढले. "तू?"

'बाबा म्हणत होते, बिचाऱ्याला वर बोलवा, चहा द्या. मला हसू आवरेना. तुम्हाला दिसेल म्हणून लावली.'

"म्हणजे," कोडेकार उठून उभे राहिले, ओल्या लुंगीसकट, "म्हणजे तुझ्या वडिलांना माझं गाणं चाललं होतं? आणि मी त्या माणसासमोर बावीस वर्षं शिट्टीसुद्धा वाजवली नाही! ते घरात असले की मी न्हाणीघरात तोंडात टॉवेल कोंबून अंघोळ करायचो!"

हे मावशींना माहीत नव्हते. टॉवेलाचे. त्यांनी झटकन दुसरीकडे पाहिले, डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे. भिंतीकडे पाहिले, कपाटाकडे पाहिले. खांदे हलायला लागले. ओठ घट्ट मिटले, नाकपुड्या फुलल्या, आणि तरीही ते आले. आतून, कुठून तरी खोलातून, एक आवाज निसटला.

तो हसण्याचा नव्हता. कोरडा, फाटका, गंजलेली कडी ओढावी तसा. एवढासा. पण सहा दिवसांच्या शांततेत तो ताटली पडावी तसा घरभर वाजला.

दोघेही जागच्या जागी थिजले. मावशींचे दोन्ही हात गळ्याकडे गेले.

"दुखतंय?"

मान हलली, नाही.

"मग काही होतंय का? टोचतंय? बोल ना… नाही, बोलू नको! बोलू नको! लिही!"

मावशींनी लिहिले, 'माहीत नाही.' अक्षरे वाकडी आली होती.

कोडेकारांनी दवाखान्यात फोन लावला. रविवार होता. फोनवरच्या नर्सने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "डॉक्टर बुधवारी बघतीलच. तोवर त्यांना गप्प ठेवा. आणि काका, तुम्हीही जरा गप्प बसा." तिच्या दृष्टीने विषय संपला. कोडेकारांच्या दृष्टीने आत्ता कुठे सुरू झाला. तो फाटका आवाज त्यांच्या कानात बसला तो बसलाच. तिच्या गळ्यातून त्यांनी सकाळची गाणी ऐकली होती, तापात बडबड ऐकली होती, भांडणे ऐकली होती; असा आवाज कधी ऐकला नव्हता. आणि तो त्यांनी काढायला लावला होता. दुसऱ्या कुणी नाही. त्यांच्या कोड्याने, त्यांच्या लुंगीने, त्यांच्या टॉवेलाने.

अकराच्या सुमाराला धाकटी आली ती जिन्यातूनच ओरडत आली. "भाऊजी! अहो भाऊजी! बादली पालथी? आणि आम्हाला सांगत होतात, मला तालाचं काही कळत नाही! आमचे हे म्हणतात, असा नवरा…" ती दारात थबकली. दोघांची तोंडे पाहिली. "काय झालं? कोण गेलं?"

कोडेकारांनी सांगितले. धाकटी खुर्चीत बसली. तिचा आवाज एकदम निम्म्यावर आला.

"एवढंच ना? एकदाच ना?"

"एकदाच. पण कसा होता तो, तू ऐकला नाहीस."

"ताई, तुला काय वाटतं?"

ताईंनी पाटी उलटी करून मांडीवर ठेवली. त्यांना लिहायचे नव्हते.

"हे बघा भाऊजी," धाकटी म्हणाली, "आता तुम्ही तिच्यासमोर काहीही विनोदी करायचं नाही. बसायचं. नुसतं बसायचं."

"मी कुठे विनोद करतो?"

"तुम्ही नुसते उभे राहिलात तरी होतो तो. म्हणून बसा म्हणते."

मावशींनी घाईघाईने खिडकीबाहेर पाहिले. कोडेकार बसले. ते बुधवारपर्यंत जवळजवळ बसूनच होते म्हणा ना.

*

दर रविवारी संध्याकाळी दोघे प्रवचनाला जात; तिथले प्रवचन गाऊन सांगितले जाई. मोठा साधा दिवाणखाना, खाली सतरंज्या, भिंतीला टेकायला मिळावे म्हणून लवकर येणारी म्हातारी मंडळी. प्रवचनकार चार वाक्ये बोलत, पाचवे गात, आणि ध्रुवपद आले की हात वर करून ते श्रोत्यांवर सोडून देत. मग सगळा दिवाणखाना गायचा. त्यात मावशींचा आवाज वेगळा ओळखू यायचा. तो मोठा नव्हता, पण सगळ्यांच्या खालून वाहायचा, सतरंजीखालची जमीन असावी तसा. कितीतरी जण त्याच्यावरच उभे असायचे आणि त्यांना ते ठाऊकही नसायचे.

त्या संध्याकाळी प्रवचनकारांनी हात वर केले आणि दिवाणखाना गायला लागला. कोडेकारांनी शेजारी पाहिले. मावशींचे ओठ मिटलेले होते. मिटल्या ओठांच्या आत त्या गात होत्या. गळ्यापाशी गुंडाळलेला मफलर मात्र हलत नव्हता.

कोडेकारांनी डोळे मिटले. देवाशी बोलायची त्यांची पद्धत अशी की आधी मुद्दे मांडायचे. देवा, ते म्हणाले, सव्वीस वर्षांचे शब्द माझ्याकडे आहेत, ते घे. कोडे बंद करतो. एक आडवा, एक उभा काही लिहीत नाही. पण तिचा…

नेमके तेवढ्यात पुढे प्रवचनकार सांगत होते, "माणूस देवापुढे जातो आणि दुकान मांडतो. एवढं घे, तेवढं दे. अहो, आई लेकराकडून काय घेते? लेकरू नुसतं रडतं. रडण्याला चाल लागत नाही."

कोडेकारांना वाटले, आपल्याकडेच बघून म्हणाले. त्यांनी मनातले दुकान घाईघाईने आवरले. मग त्यांच्याकडे मांडायला काहीच उरले नाही. "बघ बाबा," एवढेच ते पुटपुटले. "तूच बघ." आणि त्यांना रडू आले. साधे, नाक गळणारे रडू. मावशींनी रुमाल शोधला. सापडला नाही तेव्हा पदराचे टोक त्यांच्या हातात दिले आणि पुन्हा समोर बघत बसल्या.

सोमवारी ते वृत्तपत्राच्या कचेरीत गेले. पान लावणारी मुलगी त्यांना पाहताच उभी राहिली.

"सर, मला बोलू नका. पास होतं. पांढऱ्यावर नव्हतं, पिवळ्यावर होतं. मी दोन्ही कागद दोनदा बघितले. तुम्हीच सांगितलंय मला, पास नसेल तर आभाळ कोसळलं तरी लावायचं नाही."

"मी तुला बोलतोय का?"

"तुमचं तोंड बोलतंय."

"वाचून तुला काही वाटलं नाही?"

ती जरा लाजली. "वाटलं. मला वाटलं, सरांनी या वेळी छान लिहिलंय."

तिने एक फाईल पुढे सरकवली. वाचकांची पत्रे, छापून काढलेले निरोप. एरवी आठवड्याला सात-आठ येत, बहुतेक चुका काढणारे. आज फाईल मिटत नव्हती. पहिलेच पत्र एका निवृत्त हिशेबनीसाचे होते, त्यात लिहिले होते की हे कोडे आहे की घरगुती पत्रव्यवहार, असला थिल्लरपणा पुन्हा होऊ नये. खाली पूर्ण सोडवलेली जाळी जोडली होती, एकही चूक नव्हती. दुसऱ्याने लिहिले होते : 'सात उभा जमला नाही. आमच्या बाबतीत सासऱ्यांनी वरून पाणी ओतले होते, तो शब्द तीन अक्षरांत बसत नाही.' एका बाईंनी फक्त एवढेच विचारले होते की सोमवारच्या ऑपरेशनचे काय झाले, त्या बऱ्या आहेत ना.

ते पत्र कोडेकारांनी दोनदा वाचले आणि खिशात घातले.

पुरवणीच्या संपादकांनी केबिनमधून मान बाहेर काढली. "या, या. रागावणार होतो, पण फोनच खाली ठेवायला मिळेना. दर आठवड्याला पिवळा छापू या का?"

"नाही," कोडेकार म्हणाले. "तो घरचा असतो."

"विचार करा की."

"केला. नाही. आणि बुधवारनंतर पांढरासुद्धा येईल की नाही, सांगता येत नाही." आणि ते उत्तराची वाट न बघता जिना उतरले. कोडे बंद झाले काय, चालू राहिले काय, त्यांच्या लेखी त्या क्षणी त्याला काडीची किंमत नव्हती. त्यांना बुधवार हवा होता, आणि बुधवार येऊही नये असे वाटत होते.

*

बुधवारी दवाखान्यात त्यांचा नंबर चौथा होता. कोडेकारांनी भिंतीवरचा कानाचा तक्ता इतका वाचला की त्यावर एक जाळी सहज रचता आली असती. नंबर आला. डॉक्टरीणबाईंनी मावशींना उंच खुर्चीत बसवले, डोके मागे टेकवले.

"काही त्रास? लिहून सांगा."

मावशी पाटीकडे हात नेणार, तोच कोडेकार पुढे झाले. "डॉक्टर, आधी माझं ऐका. रविवारी ही हसली. माझ्यामुळे. म्हणजे कोड्यामुळे. म्हणजे मुळात टॉवेलामुळे."

"किती वेळ हसल्या?"

"एकदाच. एवढंच. पण आवाज असा होता, असा…" त्यांनी तो काढून दाखवायचा प्रयत्न केला. दारातली नर्स दचकली.

"तुम्ही बाकावर बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि हा आवाज पुन्हा काढू नका. तुमच्याच तंतूंना इजा होईल."

त्यांनी दिवा कपाळावर ओढला. बारीक नळी नाकातून आत गेली. शेजारच्या पडद्यावर गुलाबी, ओले, हलणारे काही तरी दिसू लागले. कोडेकारांना त्यातले ओ की ठो कळत नव्हते. त्यांनी पडद्याकडे बघायचेच सोडले आणि डॉक्टरीणबाईंच्या भुवयांकडे बघत बसले. भुवया वर गेल्या. मग खाली आल्या. त्या 'हं' म्हणाल्या. माणसाने आयुष्यात किती प्रकारचे 'हं' ऐकलेले असतात. पण हे कुठल्या प्रकारातले, ते कोडेकारांना कळेना.

"आता हलक्या आवाजात 'ई' म्हणा. घाबरू नका. जोर लावू नका. श्वास सोडल्यासारखं."

मावशींनी डोळे मिटले. खोलीत फक्त यंत्राची गुणगुण होती. त्यांनी श्वास घेतला, आणि तो नुसताच बाहेर आला. आवाजाविना. नुसता वारा.

कोडेकारांचे हात मांडीवर घट्ट मिटले गेले.

"नऊ दिवसांची सवय आहे," डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या. "पुन्हा. कुणाला तरी झोपवताय असं समजा."

मावशींनी पुन्हा श्वास घेतला. आणि 'ई' आला. आधी दोऱ्याएवढा, कापरा, तुटेल असा. मग तुटला नाही. थोडा रुंद झाला. उभा राहिला.

"छान. तोच धरून ठेवा, आणि हळूच वर न्या. जिना चढल्यासारखा. जिथे अडेल तिथे सोडा."

तो वर गेला. एक पायरी, दुसरी, तिसरी. कोडेकार बाकावरून अर्धे उठले होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. चौथ्या पायरीवर तो किंचित खरखरला, पण थांबला नाही. पाचवीवर गेला, आणि तिथे त्यांना तो ओळखू आला. तिचा होता तो. दुसऱ्या कुणाचा नव्हता. इतका बारीक, इतका सावध, पण तिचाच.

"पुरे." डॉक्टरीणबाईंनी नळी काढली, दिवा वर सरकवला. "जखम भरली आहे. दोन्ही तंतू नीट मिटतायत. वरचे सूर लागतील. महिनाभर गायचं नाही, मग हळूहळू सुरू करा. गाता येईल."

कोडेकारांनी विचारले, "नक्की?"

"नक्की."

"आणि ते हसणं?"

"हसण्याने बिघडत असतं तर माझे निम्मे पेशंट बिघडले असते. ते मी फक्त घाबरवायला सांगते. नाहीतर लोक दुसऱ्या दिवसापासून फोनवर गप्पा मारतात." त्या हात धुवायला वळल्या. "कसलं कोडं म्हणालात?"

"रविवारचं. पुरवणीतलं."

"मला कोडी जमत नाहीत हो," त्या म्हणाल्या. "आज दिवसात पाच मिनिटं बोलायचं. घड्याळ लावून. पुढच्या आठवड्यात दहा. बाकी वेळ गप्पच."

कोडेकारांना काही तरी मोठे बोलायचे होते. सव्वीस वर्षे त्यांनी शब्दच गोळा केले होते. त्यातला एक तरी आत्ता हाताशी यायला हरकत नव्हती. पण ते नुसतेच डॉक्टरीणबाईंपुढे हात जोडून उभे राहिले, मग नर्सपुढे, मग चुकून भिंतीवरच्या कानापुढेही. मावशींनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेले.

बाहेर ऊन होते. बसथांब्यावर बाक रिकामा होता. कोडेकारांनी मनगटावरचे घड्याळ काढून मांडीवर ठेवले. "हं. पाच मिनिटं. बोल."

मावशींनी घसा खाकरायचे कटाक्षाने टाळले. सावकाश, जमिनीवर काचेचा पेला ठेवावा तसा एकेक शब्द ठेवत त्या बोलू लागल्या. काय बोलल्या म्हणाल, तर काही खास नाही. पाळणाघराच्या मागच्या दाराचे कुलूप अडकते, त्याला तेल घालायला हवे. त्या नव्या दोन जुळ्यांना धाकटी एकाच कुशीवर झोपवते, म्हणून ते एकमेकांना लाथा मारतात, त्यांना पाठीला पाठ लावून झोपवायला तिला सांगा. ज्या बाईंनी पत्र लिहून विचारले, त्यांना उत्तर धाडा, आजच धाडा, बिचाऱ्या वाट बघत असतील. ही लुंगी आता फेकून द्या.

आवाज खालचा होता, जरा दाटलेला, झोपेतून उठल्यासारखा. कोडेकार ऐकत होते. तेल ऐकले, जुळे ऐकले, लुंगी ऐकली; पण खरे तर त्यांनी यातले काहीच ऐकले नाही. प्रवचनात शब्द मागे पडून नुसता सूर उरतो आणि माणूस डोलायला लागतो, तसे त्यांचे झाले होते. तीन दिवस छातीवर बसलेले काही तरी उठून निघून गेले होते, आणि जाताना दार लावून घ्यायचेही विसरले होते. आत नुसता वारा खेळत होता.

"…आणि एक गोष्ट तुम्हाला कधीची सांगायची राहिली आहे," मावशी म्हणाल्या. "आपल्या लग्नाच्या आदल्या दिवशी बाबांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले…"

त्या थांबल्या. मांडीवरच्या घड्याळाकडे बोट केले. पाच मिनिटे झाली होती.

"अगं, काय म्हणाले? वाक्य तरी पुरं कर!"

मावशींनी ओठ मिटले आणि मान हलवली.

"निदान पाटीवर लिही."

तपासताना गळ्यातून काढलेली पाटी दवाखान्यातच विसरली होती. मावशींनी दोन्ही मोकळे हात त्यांना दाखवले आणि बोटाने हवेत पुढे निर्देश केला : उद्या.

अर्धवट काही समोर असले की कोडेकारांना घास गिळवत नसे, ही त्यांची जुनी खोड. बस आली. दोघे खिडकीशी बसले. कोडेकारांनी घड्याळ मनगटाला बांधले, पट्टा एक भोक सैल ठेवला, आणि आरामात मागे टेकून बसले. सासरे काय म्हणाले असतील, याचा त्यांनी घरापर्यंत एकदाही विचार केला नाही. उद्या ती सांगणारच होती.